दस्तऐवज आपला, कुलूप दुसऱ्याचे!

सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव रजिस्टरात नोंदले गेले. सव्वाशे वर्षे झाली, तरी ती नोंद आजही वाचता येते. त्यासाठी फक्त डोळे लागतात, कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. याच जिल्ह्यातला खंडाळा हा सावित्रीमाईंच्या नायगावचा तालुका. तिथल्या आमच्या कार्यकर्त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टाईप करून घेतलेले किती कागद आज उघडतील?

प्रश्न सोपा नाही. त्या काळात खंडाळा, शिरवळ, लोणंदपासून मुंबईपर्यंत चळवळीचे सारे लिखाण डीटीपी सेंटरवर झाले. अत्याचाराची निवेदने, महार वतनाच्या जमिनींचे अर्ज, विहार समित्यांचे ठराव, जयंतीची पत्रके सगळे तिथेच टाईप झाले. पुढे सेंटरे बंद पडली, फ्लॉपी वाचणारी यंत्रे भंगारात गेली. ज्यांच्याकडे फाईल शिल्लक आहे, त्यांना पडद्यावर दिसते ती इंग्रजी अक्षरांची गिचमिड!

कारण या फायलींना दोन कुलपे आहेत. पहिले कुलूप फाईलच्या साच्याचे. जुना वर्ड किंवा पेजमेकर यांचा साचा त्या त्या कंपनीचा. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि कंपनीने पाठ फिरवली. दुसरे कुलूप फॉन्टचे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते. फॉन्ट गेला की मराठी गेली.

पहिल्या कुलपाची किल्ली फुकट मिळते. ओपन डॉक्युमेंट हा खुला साचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचे नियम जाहीर आहेत, ते कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. केंद्र सरकारनेही २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. लिबरऑफिस ही मोफत प्रणाली जुन्या वर्डच्या फायली उघडते, २०१५ पासून पेजमेकरच्याही उघडते. फाईल उघडावी आणि ओपन डॉक्युमेंट साच्यात साठवावी, इतकेच काम.

पण इथेच थांबणारे फसतील. साचा बदलला म्हणून फॉन्टचे कुलूप निघत नाही. मजकुराला युनिकोडचा मंगल फॉन्ट लावून पाहा. गिचमिड झाली तर मजकूर जुन्याच फॉन्टमध्ये अडकला आहे. तो फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यात रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी चुकते, जोडाक्षर फुटते. म्हणून जुनी छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिलीच पाहिजे. गट नंबर किंवा नाव चुकले, तर दाव्याचा निकाल फिरू शकतो. नुसती पीडीएफ करून ठेवली तर पान दिसेल, पण जुन्या फॉन्टातला मराठी शब्द त्यात शोधता येणार नाही.

वकील म्हणून आम्ही एक गोष्ट बजावून सांगतो. मूळ फाईल पुसू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७ सांगते की जपायची नोंद पुढे वापरता येईल अशी असावी, आणि मूळ साच्यात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या साच्यात असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाईलची हॅश किंमत लिहावी लागते. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी ही किंमत बदलते. तेव्हा मूळ फाईल पुराव्यासाठी आणि खुली प्रत वाचण्यासाठी, दोन्ही जपा.

हे काम सरकार आपल्यासाठी करणार नाही. प्रत्येक विहारात एक संगणक, शिकलेली दोन मुले आणि जुने कागद ओळखणारा एक वडीलधारा कार्यकर्ता एवढे पुरे आहे. आधी जमिनीचे आणि अत्याचाराच्या खटल्यांचे कागद घ्या, मग ठराव, मग पत्रके. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा.

हजारो वर्षे आम्हाला अक्षर नाकारले गेले. ते मिळवल्यावर आम्ही आमचा इतिहास स्वतः लिहिला. आता तो कुणाच्या बंद पडलेल्या प्रणालीत कोंडून ठेवायचा काय? जुने जाणते कार्यकर्ते आहेत तोवरच ताडून पाहणे शक्य आहे. येत्या रविवारीच कपाटे उघडा!