उभ्या मोटारीचे शिक्षण

खासगी मोटार चालविण्यास शिकविणाऱ्या आपल्या वर्गांना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी किमान २१ दिवसांची मुदत आणि प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १० तास घालून दिलेले आहेत. आणि हे दहाही तास आपण बहुतांशी मोटार चालती ठेवण्याच्या विद्येतच खर्च करतो, ही गोष्ट कोणताही प्रामाणिक प्रशिक्षक आपले दप्तर उघडून पाहिल्यास नाकबूल करणार नाही. वस्तुतः घरगुती मोटार दिवसाच्या चोवीस तासांपैकी बहुतेक तास एका जागी उभीच असते. डेंटिंग-पेंटिंगच्या एखाद्या कारखान्यात थोडा वेळ बसून तेथे येणाऱ्या मोटारींचे अंग न्याहाळल्यास, मागील पॅनलावर उमटलेला मोपेडच्या मुठीचा ओरखडा, शेजारच्या दाराच्या कडेने पाडलेला पोचा, पदपथाच्या दगडावर घासलेली चाकाची कड, असेच नुकसान वारंवार दृष्टीस पडते. आणि ते झाले तेव्हा मोटार एक तर स्तब्ध होती किंवा माणसाच्या चालीने मागेपुढे सरत होती. मोटार कोठे व कशी उभी करावी हा विषय अभ्यासाच्या शेवटी उरलेल्या वेळात उरकण्याचा नसून त्याला स्वतंत्र तास दिले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत ज्या परिसरात बसून आम्ही लिहीत आहो त्या अलकापुरीचाच दाखला पुरेसा बोलका आहे. बडोदे रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, निवांत बंगल्यांची वसाहत म्हणून नांदलेल्या या भागात आज दवाखाने, पेढ्या, जवाहिऱ्यांची दुकाने व उपाहारगृहे यांची इतकी दाटी झाली आहे, की संस्थानचे एके काळचे दिवाण रमेशचंद्र दत्त यांचे नाव धारण करणाऱ्या आर. सी. दत्त मार्गापासून आतल्या सोसायट्यांच्या गल्ल्यांपर्यंत सायंकाळी मोकळी जागा मिळणे हेच भाग्य समजले जाते. अशा वेळी नवशिका चालक मिळेल त्या फटीत मोटार घुसवितो, आणि ती फट मोकळी का राहिली होती याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. जाणत्या माणसांनी ती सोडलेली असते, कारण तेथून कोपऱ्यावर वळणारे रिक्षावाले चाक नेतात, समोरच्या फाटकातून गाडी उलटी बाहेर पडते, किंवा फळांची लारी नेमकी तेथेच वळविली जाते.

जागेच्या हिशेबाकडेही विद्यार्थ्याचे लक्ष वेधले पाहिजे. आपल्याकडे एका मोटारीस सामान्यतः अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा धरतात. चार मीटरांच्या आतील लहान मोटारीची रुंदी सुमारे १·७ मीटर असते. मोटार नेमकी मध्यावर उभी केली तर प्रत्येक बाजूस ४० सेंटिमीटर उरतात, आणि शेजाऱ्यानेही तशीच शिस्त पाळली तर दोहोंमध्ये ८० सेंटिमीटरांचा पट्टा मिळून दार जपून उघडता येते. मोटार वीतभर एका अंगाला गेली की हा पट्टा ६० सेंटिमीटरांच्या आत येतो, आणि घाईने उतरणाऱ्या माणसाच्या हातून दाराची कड शेजारच्या पत्र्यावर आदळल्याशिवाय राहत नाही. म्हणून आत शिरताना तिरकी राहिलेली मोटार पुन्हा बाहेर काढून सरळ लावण्याचा कंटाळा विद्यार्थ्याने करू नये, जागा फारच अरुंद असल्यास सोबतच्यांना आधी बाहेर उतरवावे, दार उघडताना त्याच्या कडेवर हात ठेवावा, आणि चाके सरळ करून आरसे मिटल्यावरच किल्ली काढावी, हा क्रम त्याच्या अंगवळणी पाडणे हे आपले काम आहे. मागच्या कॅमेऱ्यावर व संवेदकावर विसंबण्याची नवी सवय तर विशेष चिंताजनक आहे. लारीचा बारीक दांडा किंवा गुडघ्याखालच्या उंचीचा दगड संवेदकाच्या टप्प्यात येईलच असे नाही, आणि उतरून एकदा मागे पाहून येण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

बडोद्याच्या उन्हाळ्यात सावलीचा मोह कोणाला होणार नाही? पण त्या सावलीची किंमत विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे. मोटारीच्या रंगाची सर्व पुटे मिळून जाडी साधारणतः १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहून फारशी अधिक नसते, आणि त्यांतील वरचा पारदर्शक थर, ज्याला कारागीर 'क्लिअर' म्हणतात, तो अवघा ४०-५० मायक्रॉनांचा असतो. वडाच्या वा पिंपळाच्या झाडाखाली, फळे पिकून पक्ष्यांची झुंबड उडते त्या दिवसांत, मोटार उभी केली तर विष्ठा उन्हात तापून मऊ झालेल्या या थरावर सुकते, आणि रात्री थर आकसताना तिचा ठसा त्यात कायमचा बसतो. ती कोरड्या फडक्याने खरवडणे हा तर दुहेरी अपराध होय, कारण तिच्यातील कण सँडपेपराचे काम करतात. ओले फडके काही मिनिटे तिच्यावर ठेवून मग ती उचलून घ्यावी. ओरखड्यावरून नख फिरवून ते अडकले तर घाव क्लिअरच्या खाली उतरला असे समजावे; तेथे पॉलिशचा उपयोग नाही. धुळीने माखलेल्या मोटारीवर आवरण ओढणेही असेच घातक, आणि दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या टप्प्यात तर कापडी आवरण घालूच नये.

पावसाळ्याचा धडा बडोदेकरांना वेगळा शिकविण्याची गरज नाही. २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, तळघरांत उभ्या केलेल्या मोटारी बुडाल्या, आणि अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी मार्गात, तर मोठ्या पावसात पाणी भरतेच. परंतु तळघर भरू लागल्यावर धावपळ करणे किंवा मोटार पुलावर उभी करून रुग्णवाहिकेची वाट अडविणे यांपेक्षा, आपल्या वस्तीतील उंचवट्याची जागा जून महिन्यातच हेरून ठेवणे आणि जोराच्या पावसाची खबर मिळताच मोटार तेथे नेणे, ही दूरदृष्टी वर्गात शिकविता येण्यासारखी आहे. पाण्यात राहिलेल्या मोटारीचे एंजिन मात्र कारागिराने तपासल्यावाचून कोणी सुरू करू नये.

परवान्याच्या परीक्षेत आखलेल्या मार्गिकेवर रेषा वा खांब यांना न लागता मोटार मागे नेता येते की नाही हे पाहिले जाते. जागा निवडण्याची पारख त्या परीक्षेत कोणी पाहत नाही. आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ ने इतरांना धोका वा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडण्यास केलेली मनाई बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानीही पडलेली नसते. तेव्हा प्रशिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे, की पुढील तुकडीपासून दहांपैकी दोन तास सायंकाळच्या गर्दीच्या गल्लीत केवळ मोटार उभी करण्याकरिता राखावेत, प्रत्येक जागेचे गुणदोष विद्यार्थ्याच्या तोंडून वदवून घ्यावेत, आणि त्यातून जे आढळेल ते आम्हास अवश्य लिहून कळवावे. आलेली पत्रे या मासिकातून प्रसिद्ध करण्याची तजवीज आम्ही केली आहे.