सोलापूरचें मत

निवडणूक जवळ आली कीं आमच्या सोलापुरांत एक वाक्य हटकून कानीं पडतें, "हा तर अमक्या पक्षाचा बालेकिल्ला!" मुलांना किल्ल्यांचा इतिहास शिकविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं असल्यामुळें या शब्दाविषयीं आम्ही थोडे चिकित्सक आहों. बालेकिल्ला म्हणजे गडाचा सर्वांत उंच आणि सर्वांत शेवटीं पडणारा भाग. सोलापूर मतदारसंघाचें १९५२ पासूनचें टिपण आम्हीं मध्यंतरीं करून पाहिलें. त्यांत बालेकिल्ला कांहीं सांपडला नाहीं. पण इतर पुष्कळ सांपडलें, आणि तें घरोघरीं माहीत असावें असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

पहिल्याच निवडणुकीनें बालेकिल्ल्याची भाषा खोटी पाडली होती. १९५२ सालीं सारा देश काँग्रेसच्या पाठीशीं असतां सोलापूरनें दिल्लीस दोन प्रतिनिधि धाडले, आणि त्यांतील एकहि काँग्रेसचा नव्हता. एक शेतकरी कामकरी पक्षाचे शंकरराव मोरे, दुसरे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. त्याच निवडणुकींत मुंबईस खुद्द डॉ. आंबेडकर पराभूत झाले. त्यांच्या पक्षाचे अवघे दोन उमेदवार लोकसभेंत गेले. एक हैदराबाद संस्थानांतील करीमनगरहून व दुसरा आमच्या सोलापुराहून. ही गोष्ट आमच्या शहराच्या लौकिकांत सहसा कोणी मोजीत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

एका मतदारसंघास दोन प्रतिनिधि कसे, असें तरुण वाचक विचारतील. त्या काळीं कांहीं मतदारसंघ दुहेरी असत. प्रत्येक मतदारास दोन मतपत्रिका मिळत. मात्र दोन्ही मतें एकाच उमेदवारास देण्याची मुभा नव्हती. शिक्का उमटविण्याचें काम नव्हतें. दर उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचें चिन्ह, आणि पत्रिका त्या पेटींत टाकावयाची, इतकेंच. अक्षरशत्रु मतदारांसाठीं केलेली ही युक्ति मोठी शहाणपणाची होती. मोजणींत आधीं राखीव जागेसाठीं अनुसूचित जातींतील सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडावा, आणि मग उरलेल्या सर्वांत जो पुढें असेल त्यास दुसरी जागा द्यावी, असा नियम होता. त्यामुळें मौजाहि होत. आंध्रांतील पार्वतीपुरम् येथें १९५७ सालीं दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांकडे गेल्या आणि व्ही. व्ही. गिरि मागें राहिले. गिरि न्यायालयांत गेले, पण सर्वोच्च न्यायालयानेंहि १९५९ सालीं निकाल कायम ठेवला. पुढें हेच गृहस्थ राष्ट्रपति झाले. १९६१ सालच्या कायद्यानें ही दुहेरी पद्धत मोडली. सोलापूरची जागा खुली झाली व शेजारची पंढरपूरची राखीव झाली.

१९६२ ते १९९१ या आठ निवडणुका काँग्रेसच्या. बालेकिल्ल्याची आख्यायिका येथूनच निघाली असावी. आणीबाणीनंतर, १९७७ सालीं, महाराष्ट्रांतील ४८ जागांपैकीं काँग्रेसला २० च मिळाल्या. त्यांत सोलापूर होतें. पक्षापेक्षां आमचें लक्ष मात्र नांवांकडे जातें. मादेप्पा काडादी, सूरजरतन दमाणी तीनदां, गंगाधर कुचन दोनदां, धर्मण्णा सादूल दोनदां, आणि १९९६ सालीं काँग्रेसची परंपरा तोडणारे भारतीय जनता पक्षाचे लिंगराज वल्याळ. महाराष्ट्र राज्य झालें १९६० सालीं. त्यानंतर १९९८ पर्यंत या यादींत एकहि मराठी वळणाचें आडनांव नाहीं! कानडी, मारवाडी, तेलुगु अशीं हीं नांवें. भाषेवरून घरें फोडण्याचा उपदेश जे करतात त्यांनीं ही यादी एकदां वाचावी. गिरण्यांच्या चाळींत आणि मागांच्या खटखटाटांत ज्या शहरानें चार भाषा एका नळावर ऐकल्या, त्यास त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं.

१९९८ व १९९९ सालीं सुशीलकुमार शिंदे निवडून आले. तारुण्यांत याच शहराच्या न्यायालयांत पट्टेवाल्याचें काम केलेले हे गृहस्थ दलित समाजांतले, आणि जागा होती खुली. २००३ च्या जानेवारींत ते मुख्यमंत्री झाले, तेव्हां पोटनिवडणूक झाली व अकलूजचे प्रतापसिंह मोहिते-पाटील भाजपच्या तिकिटावर आले. त्यांचे वडील बंधु विजयसिंह त्या वेळीं राष्ट्रवादी काँग्रेसकडून राज्याच्या मंत्रिमंडळांत होते. एकत्र कुटुंबांत भाजीवरून दोन मतें पडलीं तर आपण हळहळतों. तेथें तर दोन पक्ष पडले. २००४ सालीं शिंदे यांच्या पत्नी उज्ज्वलाताई उभ्या राहिल्या, पण भाजपचे सुभाष देशमुख विजयी झाले.

आतां खरी मेख. २००८ च्या पुनर्रचनेंत पंढरपूरचा लोकसभा मतदारसंघ गेला, माढ्याचा नवा झाला, आणि सोलापूर राखीव झालें. २००९ सालीं शिंदे पुन्हां आले. पण २०१४ सालीं, देशाचे गृहमंत्री असतां, शरद बनसोडे यांच्याकडून ते सुमारें दीड लाख मतांनीं पडले. आणि २०१९ सालीं गौडगांव मठाचे जयसिद्धेश्वर महास्वामी यांच्याकडून जवळजवळ तितक्याच मतांनीं. त्या वेळीं प्रकाश आंबेडकरहि येथूनच उभे होते. खुल्या जागेवर दोनदां जिंकलेला पुरुष राखीव जागेवर दोनदां हरला. राखीव जागा म्हणजे आयती जागा, असें ओसरीवर बसून म्हणणारांची आमच्याकडे वाण नाहीं. त्यांच्यापुढें आम्ही हा हिशेब ठेवतों. बहुतेक मंडळी मग हवापाण्याच्या गोष्टी काढतात.

'उमेदवार' हा शब्द फारसी. उमेद धरणारा तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी काम शिकणारासहि उमेदवारच म्हणत. हल्लीं शिकण्याचा भाग गळाला आहे.

२०२४ सालीं शिंदे यांच्या कन्या प्रणिती यांनीं भाजपचे राम सातपुते यांचा सुमारें ७४ हजार मतांनीं पराभव केला. हा घराण्याचा वारसा म्हणावा कीं तीनदां आमदार झालेल्या बाईचें स्वतःचें काम, यावर घरोघरीं वाद आहेत, आणि दोन्ही बाजूंस थोडें थोडें सत्य आहे. आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, १९५२ पासून सोलापूरनें धाडलेल्या खासदारांत ही पहिली स्त्री. बहात्तर वर्षें लागलीं. त्या पहिल्या निवडणुकीच्या वेळीं देशांतील सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून काढावीं लागलीं होतीं, कारण अमक्याची बायको, तमक्याची आई याखेरीज त्यांनीं आपलें नांवच सांगितलें नाहीं. हे प्रकार बव्हंशीं उत्तरेकडील प्रांतांतले. पण ज्यांचीं नांवें आमच्याकडे यादींत होतीं त्यांचीं मतें तरी कोणाचीं होतीं? कर्त्या पुरुषानें आदल्या रात्रीं जेवतांना चिन्ह सांगावें आणि सकाळीं सर्व मंडळींनीं त्यावर जाऊन यावें, हीच अनेक घरांची रीत होती, आणि ती शिस्त म्हणून वाखाणली जाई.

आमच्या घरीं सध्यां सात मतें आहेत. गेल्या खेपेस तीं कोणास पडलीं, हें आम्हांस एकाच मताविषयीं खात्रीनें सांगतां येईल. सूनबाईंना एकदां आडून विचारून पाहिलें; त्यांनीं चहा आणून ठेवला आणि साखर बेताची आहे ना, असें विचारलें.