रेघेला दाब हवा

पलूसमधली मुले मला विचारतात, संगणकावर चित्र काढायला माऊस पुरेल की ग्राफिक्स टॅब्लेट घ्यावा? याचे उत्तर त्यांच्या तालुक्यातच आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव मुंबईला जे. जे.मध्ये चित्रकला शिकत होते. पण डोळ्यांना काही रंग ओळखता येईनात, तेव्हा ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. आराखड्याला माऊस चालतो. तिथली रेघ मोजून येते. चेहऱ्याची रेघ मात्र हाताच्या दाबाने जाड-बारीक होते, आणि माऊसला दाब कळतच नाही. पालकहो, संगणक साधा घ्या, पण चित्रवेड्या मुलाला टॅब्लेटची लेखणी द्या. नाहीतर माऊसला जमेल तेवढेच ते काढील आणि कागदावर कमावलेला हात गमावून बसेल.