एकाच टपरीवर दोनदा जा

मोठी सुट्टी जोडून आली, तत्काळचं तिकीट मिळालं आणि तुम्ही एकटेच कोलकात्याला निघालात. काही ठरवलेलं नाही. तिथं ओळखीचं कोणी नाही. चांगलं केलंत. असं निघालं की माणसं भेटतात. ती कुठं भेटतात आणि आपण कुठं जपायचं, एवढं निघण्याआधी ऐकून घ्या.

उदाहरण कोलकात्याचं घेतलंय, कारण त्या शहरात गप्पांना मान आहे. चार माणसं बसली, चहा आला की अड्डा जमतो. विषय कुठलाही चालतो. नवख्या माणसाला त्यात जागा मिळते. इथं सांगतोय त्यातलं बरंचसं तुम्हाला इंदूरला, म्हैसूरला किंवा अमृतसरलाही उपयोगी पडेल.

आधी घरातून निघतानाचं. अचानक निघालात तरी पहिल्या रात्रीची खोली ठरवूनच गाडीत बसा. बाकीच्या रात्रींचं तिथं गेल्यावर बघता येतं. पण रात्री दहा वाजता हातात बॅग घेऊन खोली शोधणारा माणूस कोणाच्याही बोलण्याला लवकर भुलतो. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, लॉजवर ते मागतात. घरातल्या एकाला गाडीचं नाव आणि खोलीचा पत्ता सांगा. रोज रात्री अमुक वाजता फोन करीन, असं ठरवा आणि तो फोन चुकवू नका. 112 हा सगळ्या तातडीच्या मदतीचा नंबर, 139 रेल्वेचा. दोन्ही पाठ असू द्या.

आता गाडी. मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस जाते, पुण्याहून आझाद हिंद. गीतांजली 1977 साली सुरू झाली, तेव्हा रेल्वेमंत्री होते आपले मधु दंडवते. पहिला वर्ग, दुसरा वर्ग असा भेद नसलेली गाडी म्हणून त्यांनी ती सुरू केली. आज तिला वातानुकूलित डबेही आहेत. प्रवास तीस तासांच्या आसपासचा. म्हणजे समोरच्या बाकावरच्या माणसांबरोबर तुम्हाला एक अख्खा दिवस आणि एक रात्र काढायची आहे.

तिथं कोण असेल? झवेरी बाजारात दागिने घडवणारा एखादा बंगाली कारागीर सुट्टीवर गावी निघालेला असेल. टाटा रुग्णालयात उपचार घेऊन परतणारं कुटुंब असेल. असं कुटुंब भेटलं तर आजाराबद्दल खोदून विचारू नका. तुमचा खालचा बर्थ असेल तर तो देऊ करा. पाण्याची बाटली भरून आणून द्या. बोलायचं असेल तर ती माणसं आपणहून बोलतील. बरीच वर्षं मुंबईत काढलेल्या त्या कारागिराला मात्र त्याच्या गावाबद्दल जरूर विचारा. कोणत्या स्टेशनवर उतरायचं, घरी कोण वाट पाहतंय, कोलकात्यात जेवायला कुठं जावं, हे तो आनंदानं सांगेल.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र नियम पक्का ठेवा. गाडीत अनोळखी माणसानं दिलेला चहा, बिस्किट, प्रसाद, काहीही घेऊ नका. गुंगीचं औषध घालून लुटण्याचे प्रकार होतात आणि असं करणारा माणूस दिसायला अगदी सज्जन असतो. नाही म्हणताना ओशाळायचं कारण नाही. "आज उपास आहे" म्हटलं की आपल्याकडे जसं कोणी आग्रह करत नाही, तसं तिकडेही करत नाहीत. आणि तुमच्या डब्यातली चपाती कोणी नाकारली तर तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्याही घरून हेच बजावून पाठवलेलं असतं.

हावडा स्टेशनला उतरलात की बाहेर गर्दी अंगावर येते. "कुठं जायचंय", "हॉटेल पाहिजे का" म्हणत लोक बरोबर चालू लागतात. थांबू नका, वाद घालू नका. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जा, किंवा मेट्रो धरा. 2024 पासून ती हुगळी नदीच्या खालून पलीकडे जाते. सामान हलकं असेल तर बाहेरच्या घाटावरून फेरीबोट घ्या. पैसे थोडे लागतात आणि हावडा ब्रिज पाण्यावरून दिसतो.

आता मुख्य गोष्ट. मैत्री करायची असेल तर कमी ठिकाणं बघा.

लोक चार दिवसांत वीस ठिकाणं उरकतात. सकाळी व्हिक्टोरिया, दुपारी काली मंदिर, संध्याकाळी बेलूर मठ. फोटो मिळतात. पण त्यांचं नाव कोणाला कळत नाही आणि त्यांनाही कोणाचं कळत नाही. तुम्ही असं करा. मुक्कामाजवळची एक चहाची टपरी निवडा. सकाळी तिथं जा. चहा मातीच्या भांड्यात मिळतो. त्याला तिथं भांड म्हणतात. वाटीएवढं असतं, कधी त्याहूनही लहान. कडेला दोन बोटांनी धरावं लागतं, नाहीतर चटका बसतो. पहिल्या घोटाला ओल्या मातीचा वास येतो. बाकावर बसा, सावकाश प्या. मोबाइल खिशात ठेवा. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही. बोललं नाही तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच बाकावर जा. टपरीवाल्या दादांना तुमची साखर कमी की जास्त हे आठवत असतं. कालचेच दोघं-तिघं पेपर वाचत बसलेले असतात. आता त्यांच्यातला कोणीतरी विचारणारच, "कुठून आलात?" बहुतेक ओळखी इथूनच सुरू होतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही उशिरा गेलात तर ते वाट पाहत असतात.

ज्येष्ठ असाल तर रवींद्र सरोवरावर सकाळी फिरायला जा. तिथंही हेच. दोन दिवस एकाच वेळेला, एकाच वाटेनं.

कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसचं थोडं वेगळं आहे. तिथं पहिल्याच दिवशी टेबल वाटून घ्यावं लागतं, इतकी गर्दी असते. जिना चढून वर गेलात की उंच छताचा मोठा हॉल लागतो. लांब दांड्यांचे पंखे, फेटा बांधलेले वाढपी, भिंतीवर रवींद्रनाथांचं मोठं चित्र. कामगारांची सहकारी संस्था ते चालवते. रिकामी खुर्ची दिसली की हात जोडून विचारा आणि बसा. बिनदुधाची कॉफी हवी असेल तर तिला तिथं 'इन्फ्यूजन' म्हणतात. ती मागवा आणि आधी ऐका. टेबलावर चाललेल्या वादात पहिल्या पाच मिनिटांत तोंड घालू नका. विषय राजकारणाचा असेल तर अजिबातच नको. तुम्ही पाहुणे आहात.

बोलायचं काय, ही अनेकांची अडचण असते. पगार, जात, लग्न का झालं नाही, हे तीन प्रश्न घरीच ठेवून जा. माशांबद्दल बोला. बंगाली माणसाला नदीचा मासा प्यारा, आपल्या कोकणातल्याला समुद्राचा. इलिश म्हणजे आपली भिंगच. तिचे काटे कसे काढायचे, हे एकदा विचारून बघा. अर्धा तास कुठं गेला कळणार नाही. फुटबॉलबद्दल विचारा. ईस्ट बंगाल की मोहन बागान? ईस्ट बंगालवाले जिंकले की इलिश आणतात, मोहन बागानवाले कोळंबी. मन्ना डे यांचं नाव काढा. कॉफी हाउसच्या अड्ड्यावरचं त्यांचं गाणं तिथं घराघरांत माहीत आहे आणि ते मराठीतही गायले आहेत, हे सांगितलंत की समोरचा खुलतो. रवींद्रनाथ सतरा वर्षांचे असताना, 1878 साली, मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते. विलायतेला जाण्याआधी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून. त्या घरची लेक अन्नपूर्णा त्यांना शिकवायची. हे बंगालमध्ये पुष्कळांना ठाऊक असतं. आपल्याकडे ते फार कमी लोकांना ठाऊक आहे, ते घेऊन जा.

एक अवघड विषय निघू शकतो, त्याची तयारी ठेवा. तुम्ही मराठी आहात म्हटल्यावर एखादे आजोबा 'बर्गीं'ची, म्हणजे मराठा स्वारांची, आठवण काढतील. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. गावं लुटली गेली, माणसं पळाली. कोलकात्याच्या लोकांनी 1742 मध्ये बचावासाठी खंदक खणला, त्याचं नावच मराठा खंदक. बर्गी तिथल्या अंगाईगीतात आजही आहेत. आपण ज्या इतिहासाचा अभिमान बाळगतो त्याची ही दुसरी बाजू आहे. तेव्हा चिडू नका आणि इतिहासाचं भांडणही करू नका. ऐकून घ्या. मग सखाराम गणेश देऊस्कर यांचं नाव घ्या. घर मराठी, पण त्यांनी लिहिलं बंगालीत. 1904 साली निघालेल्या त्यांच्या 'देशेर कथा' या पुस्तकावर पुढे इंग्रजांनी बंदी घातली. स्वदेशीच्या काळात बंगाली तरुण ते पुस्तक वाचत होते. मराठी माणूस बंगालचा झाला, हेही त्या आजोबांना माहीत असतं.

कुमारटुलीला जायचं असेल तर गणपतीनंतरच्या दिवसांत जा. दुर्गापूजेआधीची धांदल पाहायला मिळते. बोळांच्या दोन्ही बाजूंना मूर्तिकारांची खोपटं. बांबूच्या चौकटीवर पेंढा सुतळीनं आवळून बांधतात, त्याचाच देह होतो. वर गंगेच्या मातीचे थर. हाताची बोटं वेगळी घडवून मग लावतात. ओली असताना त्यांना धक्का लागला तर काम वाया जातं, म्हणून बोळातून अंग चोरून चाला. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. तुम्ही पेणच्या गणपतींबद्दल सांगा. आमच्याकडे शाडूची माती वापरतात, साचा असा असतो, हे ऐकायला तो कारागीर हात न थांबवता कान देईल. एका कारागिराला दुसऱ्या गावच्या कारागिरांविषयी नेहमीच ऐकायचं असतं.

आता जपायचं कुठं ते.

जो माणूस घाई करतो, त्याच्यापासून लांब राहा. बाकी सगळ्या सूचना विसरलात तरी ही लक्षात ठेवा. खऱ्या ओळखीला घाई नसते. भेटल्याबरोबर "माझ्या मित्राचं दुकान आहे, आत्ताच चला" म्हणणारा, देवळाच्या दारात "रांगेशिवाय दर्शन देतो" म्हणणारा, अर्ध्या तासात तुम्हाला भाऊ म्हणून मग अडचण सांगणारा. ही माणसं तुमच्याशी नाही, तुमच्या पाकिटाशी बोलत असतात. मोबाइलवरून ओळख झालेल्या कोणी एखाद्या ठरावीक बारमध्येच भेटायचा हट्ट धरला तर जाऊ नका. बिल हजारोंचं लावतात आणि दारात माणसं उभी करतात. हे कोलकात्यातच होतं असं नाही, मुंबई-दिल्लीतही होतं. पैसे परत पाठवतो म्हणून कोणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितला तर ताबडतोब उठा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

उसने देऊ नका, घेऊही नका. चहाचे पैसे एकदा त्यांनी दिले तर पुढच्या वेळी तुम्ही द्या. राहता कुठं, असं विचारलं तर भागाचं नाव सांगा, लॉजचं आणि खोलीचं नको. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे तर ती जागा सोडल्यावर टाका.

मुलींनो, बायांनो, तुम्हाला थोडं जास्त सांगतो. राग मानू नका. एकट्या फिरा, जरूर फिरा. सकाळच्या वेळा आणि गर्दीच्या जागा निवडा. ओळख करायची तर आधी बायकांशी करा. फेरीबोटीत, मेट्रोत, साडीच्या दुकानात मावशी-काकू भेटतात आणि दहा मिनिटांत तुमची काळजी करू लागतात. मनात शंका आली की कारण शोधत बसू नका. निघून जा. कोणाला वाईट वाटेल याचा विचार त्या वेळी करायचा नाही.

कोणी घरी जेवायला बोलावलं तर? पहिल्याच भेटीत नाही म्हणा. दोन-तीनदा भेट झाली असेल, घरात बायकामाणसं असतील आणि वेळ दिवसाची असेल, तर जा. पत्ता आधी आपल्या घरी कळवा. जाताना संदेशचा डबा न्या. कोणत्या दुकानाचा चांगला, हे टपरीवरच विचारा, तिथं मतभेद होतील. त्या घरात वयानं मोठं कोणी असेल तर वाकून नमस्कार करा. आपल्यासारखीच तिथंही ती रीत आहे. ताटात मासा येणारच, तुम्ही शाकाहारी असाल तर ते आमंत्रण घेतानाच सांगा. ती माउली सकाळपासून चुलीशी असते.

आणि नाहीच कोणी भेटलं, किंवा बरं वाटेनासं झालं, घरची आठवण आली, तर हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. आधी फोन करून जा. कोलकात्यात वर्षानुवर्षं राहिलेली मराठी माणसं तिथं येतात. मराठीत दोन शब्द बोलून बरं वाटतं.

परत आल्यावरचं एक काम लोक विसरतात. फोटो पाठवतो म्हणालात, तर आठवड्याच्या आत पाठवा. त्या मूर्तिकाराकडे साधा मोबाइल असेल तर फोटोची प्रत काढून टपालानं धाडा. पाडव्याला तुम्ही निरोप पाठवा. एप्रिलच्या मध्यात त्यांचं नवं वर्ष येतं, तेव्हाही दोन ओळी लिहा. "कधीतरी या आमच्याकडे" असं मोघम म्हणू नका. गणपतीत या, असं म्हणा आणि तारीख कळवा. पण कळवण्याआधी घरात विचारा. पाहुण्याला झोपायला जागा कुठं, सकाळचं पाणी किती वाजता जातं, त्या दिवसांत घरात मासे चालणार की नाही, हे त्याला आधी सांगितलेलं बरं.