वरच्या मजल्यावरची बाई

ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील एका इस्पितळाच्या स्वयंपाक्यास देवी आल्या. तो बरा झाला, आणि नैसर्गिक रीतीने हा रोग जडलेला जगातील अखेरचा मनुष्य ठरला. परंतु देवीचा अखेरचा बळी व्हावयाचा होता तो इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात. ११ सप्टेंबर १९७८ रोजी जॅनेट पार्कर ही ४० वर्षांची बाई त्या रोगाने मरण पावली.

पार्करबाई तेथील वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रकार होत्या. देवीच्या विषाणूंवर ज्या प्रयोगशाळेत संशोधन चाले तिच्या वरच्या मजल्यावर त्यांची काम करण्याची जागा होती, एवढाच काय तो त्यांचा संबंध! विषाणू हवेच्या नळीतून वर गेला की अन्य मार्गाने, हा वाद न्यायालयात जाऊनही मिटला नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख बेपर्वा गृहस्थ नव्हते, नामांकित विद्वान होते. त्यांनी या आघाताने स्वतःचे जीवन संपविले. धोक्याचे काम सुरक्षा-कपाटाबाहेरही होत असे, हे मागाहून चौकशीत उघड झाले. तपासनीस पूर्वी येऊन गेले होते, आणि काम चालू ठेवण्यास अनुमती देऊन गेले होते. पार्करबाईंना देवीची लस टोचली होती ती १९६६ साली, म्हणजे बारा वर्षांपूर्वी. आतल्या मंडळींत त्यांची गणना नव्हती.

आमच्या मते प्रश्न आहे तो या गणनेचाच. आपल्या देशात नियम नाहीत असे नव्हे. घातक सूक्ष्मजीवांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने जैवसुरक्षा समिती नेमावी, असे १९८९ चे नियम सांगतात. पण समितीपुढे येणाऱ्या कागदांत संशोधकांची नावे असतात. सायंकाळी केर काढणारी बाई, काचेची भांडी धुणारा गडी, शेजारच्या खोलीतला कारकून, यांची दखल कोण घेतो? कागदपत्रांच्या जंजाळाने संशोधन खुंटते, ही प्राध्यापकांची तक्रार आम्हांस अगदीच अमान्य नाही. म्हणूनच आमची मागणी थोडकी आहे. विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांनी अशा प्रत्येक इमारतीत वावरणाऱ्या सर्वांची यादी मागवावी. कोणास कोणती लस दिली, हे तीत नोंदलेले असावे. आणि प्रत्येकाजवळ मराठीत छापलेली एक चिठ्ठी असावी. ताप आला तर ती डॉक्टरांस दाखविता येईल, आणि आपला रोगी कोणत्या जंतूंच्या शेजारी काम करतो हे त्यांस तत्काळ कळेल. पार्करबाई ११ ऑगस्टला आजारी पडल्या. त्यांच्या अंगावरचे पुरळ देवीचे आहे, हे कळावयास २४ तारीख उजाडली.