गोदावरीपलीकडचा मजूर

माघ सरू लागला की हेमलकसा, भामरागड, सिरोंचा या बाजूच्या गावांतून आणि टोल्यांतून माणसे नाहीशी होऊ लागतात. धान घरात आलेले असते, तेंदूपत्त्याचा हंगाम अद्याप दूर असतो. मधल्या रिकाम्या महिन्यांत हे आदिवासी तेलंगणात मिरचीच्या तोडणीला जातात. परराज्यात जाऊन राबणाऱ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांच्या पाठोपाठ दरवर्षी गोदावरी ओलांडतो आणि दरवर्षी अनुत्तरित परत येतो.

सीमेपलीकडे नोकरी म्हटली की शहरी वाचकांच्या डोळ्यांपुढे परदेशी गेलेला मुलगा उभा राहतो. त्याची काळजी सरकारने वाहिली आहे, आणि ते योग्यच झाले. बेल्जियमशी २००६ साली केलेला सामाजिक सुरक्षेचा करार २००९ पासून अमलात आला. पुढे जर्मनी, फ्रान्स आदी देशांशीही करार झाले. पुण्याहून काही काळासाठी तिकडे पाठविलेल्या अभियंत्याला दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही; येथील भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचा दाखला तेथे मानला जातो. दोन सार्वभौम राष्ट्रांना जे साधते ते एकाच संघराज्यातील शेजारी राज्यांना का साधू नये?

हा मजूर आयकर भरीत नाही, तेव्हा त्याचा हक्क तो काय, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद टिकणारा नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराचे तत्त्वच असे की, माल जेथे खपतो त्या राज्याला कराचा वाटा मिळावा. भामरागडच्या मजुराने मुलुगूच्या बाजारात घेतलेल्या साबणाचा आणि चपलांचा कर तेलंगणाच्या तिजोरीत जातो. त्याच करासाठी सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले आणि मिरचीचे पोते विनासायास देशभर फिरू लागले. पोत्यासाठी जे झाले ते ती मिरची तोडणाऱ्या हातांसाठी झाले नाही!

आपल्याकडील स्थितीही अभिमानाने सांगावी अशी नाही. नोकरदार वाचकांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७५ च्या कायद्याने तो बसविला तो रोजगार हमीसाठी. शहराने आपल्या मिळकतीतून खेड्याच्या हाताला काम द्यावे, ही कल्पना महाराष्ट्राची, आणि ती थोर होती. तरीही गडचिरोलीच्या मजुराला कामासाठी राज्य सोडावे लागते, यात त्या हमीचे अपयश नव्हे काय?

कायदे नाहीत असे नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ सालचा. पाच वा अधिक परप्रांतीय मजूर असले की तो लागू होई. त्याची जागा घेणारी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिने ही मर्यादा दहावर नेली. लहान शेतकऱ्याच्या शिवारातील चार-सहा तोडणारे कुठल्या यादीत बसणार? ‘एक देश, एक शिधापत्रिका’ सर्व राज्यांत पोचली, हे आम्ही मान्य करतो. परंतु शेतात साप चावला, वाटेत गाडी उलटली, तर भरपाई मागायची कोणाकडे? एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तेलंगणातील मिरचीच्या शेतांवरून छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील आपल्या गावाकडे पायी निघालेली १२ वर्षांची मुलगी घर जवळ आले असता मरण पावली. मदत जाहीर केली ती छत्तीसगडने. जेथे ती राबली तेथील कोणत्या नोंदवहीत तिचे नाव असणार होते? मुळात त्या वयाच्या मुलीचे नाव मजुरांत असूच नये, हे निराळे.

हेमलकशाला बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात छत्तीसगडचे रुग्णही उपचार घेत आले आहेत. दवाखान्याला जे जमले ते सरकारांना जमू नये, ही खेदाची गोष्ट होय.

आमची सूचना साधी आहे. सिरोंच्यास हंगामापुरते नोंदणी केंद्र असावे. मजूर, त्याला नेणारा मुकादम आणि ज्या गावी काम आहे ते गाव यांची नोंद होऊन मिळणारी चिठ्ठी दोन्ही राज्यांत ग्राह्य धरली जावी. अपघाताचा विमा आणि मागे राहिलेल्या मुलांची हंगामी वसतिगृहे यांसाठी पैसा हवा. तो खम्मम आणि वरंगळच्या बाजारांत मिरची खरेदीवर अल्पसा अधिभार बसवून उभा करावा. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी मालकांवर असाच अधिभार बसविला, आणि त्याने व्यापार काही बुडाला नाही. मात्र हा भार व्यापाऱ्यावर पडावा. मिरची पिकविणारा शेतकरी स्वतःच भावाच्या चढउताराने गांजलेला आहे. त्याच्या माथी तो मारू नये.

यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्र, तेलंगणा व छत्तीसगड यांच्या कामगारमंत्र्यांनी पुढील तोडणीपूर्वी एकत्र बसावे, आणि ते सिरोंच्यासच बसावे.