हरीण दारात आले तर

पहिल्या पावसावर सरकी दोन पानांवर आली, मका वीतभर झाला, की लासूर स्टेशनच्या शिवारात हरणे दिसू लागतात. शेतवस्तीवर तर ती पहाटे पार गोठ्यामागच्या लसूणघासापर्यंत येऊन जातात. गंगापूर, वैजापूर आणि त्यापलीकडचा नाशिक जिल्ह्यातला येवला, हा सगळा पट्टा काळविटांचा. येवल्यातल्या ममदापूरला त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. पण हरणांना तालुक्याची हद्द कळत नाही. जिथे कोवळे आणि पाणी, तिथे ती जाणार.

कुणाला त्यांचे कौतुक वाटते, कुणाला राग येतो. दोन्ही समजण्यासारखे आहे. मात्र राग आणि कौतुक, दोन्हींपायी हरीण मरते, आणि शेतकऱ्याचे नुकसान काही भरून निघत नाही. म्हणून हे चार शब्द.

आधी नुकसानीचे. कळपाने एका रात्रीत कोंब खुडले की दुबार पेरणी आली. बियाणे पुन्हा, मजुरी पुन्हा. ज्याने रात्र रात्र राखण केली आहे त्याला ‘हरणे आपल्या शिवाराचे वैभव’ असे नुसते सांगणे बरे नाही. सरकार हरणांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई देते, पण ती मागावी लागते आणि वेळेत मागावी लागते. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत वन विभागाला कळवा. वाफसा जाऊ नये म्हणून लगेच पुन्हा पेरायचे असेल तर आधी खुडलेल्या रोपांचे, मातीत उमटलेल्या खुरांचे, बांधासकट फोटो काढून ठेवा. वनरक्षक, कृषी सहायक, तलाठी यांना घेऊन पंचनामा होऊ द्या. रक्कम थोडी असते, हेलपाटे पडतात, हे खरे आहे. तरीही अर्ज करा. ज्या गावातून अर्जच जात नाहीत, त्या गावात सरकारी कागदावर नुकसान झालेलेच नसते.

पिकाभोवती जुन्या साड्या बांधणे, चकाकणाऱ्या पट्ट्या लावणे हे उपाय काही दिवस चालतात, मग हरणे सरावतात. कोवळ्या पिकाला पहिले दोन-तीन आठवडे जपायचे असते, तेवढ्यापुरते ते चांगले. जमत असेल तर सौर कुंपण करा. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरते. पण खांबावरची तार थेट कुंपणात सोडू नका. त्या तारेला हरीण आणि रात्री पाणी धरायला निघालेला शेजारी, दोघे सारखेच. त्या तारेने माणसे मेली आहेत.

फासे, जाळी, कुत्री घालून पाठलाग, ही सगळी कायद्याने शिकार आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत वन अधिकाऱ्याच्या परवानगीची जी वाट आहे, ती काळविटाला लावता येत नाही.

आता कौतुकाचे. मादी एका वेळी एकच पाडस देते आणि पहिले काही दिवस ते गवतात किंवा उभ्या पिकात दडवून ठेवते. ती लांब चरत असते, दूध पाजायला येऊन जाते. निंदणीला गेलेल्या बायकांना असे पाडस दिसते, ते हलत नाही, पळत नाही, आणि ‘बिचाऱ्याला आई नाही’ म्हणून कुणीतरी उचलून घरी आणते. आई असते. तुम्ही तिथून हलण्याची ती वाट पाहत असते. घरी गाईच्या दुधावर पाडसाला हगवण लागते आणि पुष्कळदा ते दगावते. जगलेच तर माणसाची आणि कुत्र्याची भीती विसरते. नर असेल तर शिंगे आल्यावर घरातल्याच पोरांवर धावून जातो. शिवाय ते पाळणे हा गुन्हा आहे, माया कितीही खरी असली तरी. पाडस दिसले तर हात लावू नका, कुत्री बांधा, दूर व्हा. जखमी असेल तरच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. तोवर अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, भोवती गर्दी करू देऊ नका, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका. हे जनावर इतके भित्रे की धरपकडीच्या धसक्यानेच मरते.

दारात येणाऱ्या हरणाला भाकरी, धान्य टाकू नका. वस्तीचा सराव झालेले हरीण शेवटी मोकाट कुत्र्यांच्या तोंडी जाते.

सगळ्यात जास्त बोलायला हवे ते विहिरी आणि शेततळ्यांबद्दल. उन्हाळ्यात शिवणा आटते, नाले आटतात, आणि तहानलेला कळप रात्री पाणी हुंगत शेतात येतो. कठडा नसलेली विहीर त्याला अंधारात दिसत नाही. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद इतका निसरडा की आत घसरलेल्या जनावराचे खूर टेकतच नाहीत. ते थकेपर्यंत कडेकडेने पोहते आणि बुडते. याच कागदावरून घसरून माणसांची लेकरेही बुडाली आहेत. उपाय साधा आहे: तळ्याला चारी बाजूंनी कुंपण, आणि कडेपासून तळापर्यंत दोन-तीन ठिकाणी काथ्याच्या जाड दोरांची जाळी घट्ट बांधून सोडलेली. तिच्यावर पाय रोवून हरीण वर येते, पोरगेही येते. विहिरीला कंबरभर कठडा बांधा. बांधकाम आत्ता परवडत नसेल तर बाभळीच्या फांद्यांचे दाट कुंपण घाला. आणि गावाने मिळून गायरानात एखादा उथळ पाणवठा उन्हाळाभर भरून ठेवला तर कळपाला विहिरीपर्यंत यायची गरज उरणार नाही.

‘हरणे फार झाली, सरकारने पकडून न्यावीत,’ असेही लोक म्हणतात. मध्य प्रदेशात शाजापूर जिल्ह्यात ऑक्टोबर 2025 मध्ये हे करून पाहिले. हेलिकॉप्टरने कळप हाकत निमुळत्या आडोशात आणले आणि आठशेहून अधिक काळविटे दुसरीकडे हलवली. दक्षिण आफ्रिकेतले जाणकार बोलावून केलेले ते काम आहे. गावाने मागणी केली आणि उद्या गाडी आली, असे ते होत नाही. आणि नेऊन सोडायचे तर तिथे गवत हवे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य 1980 साली काळविटांसाठीच झाले, पण त्याचे क्षेत्र जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर. तिथली हरणेही आजूबाजूच्या शेतांत चरतात.

संख्या आटोक्यात ठेवणारा गडी माळावर पूर्वीपासून आहे: लांडगा. अमेरिकेत लोकांनी बहुतेक ठिकाणचे लांडगे संपवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती, ती आज तीन कोटींच्या घरात आहेत. शिकारीचे परवाने वाटून, परसात चारा टाकायला बंदी घालूनही अनेक राज्यांना ती आवरत नाहीत. आपल्याकडे लांडगा अजून आहे. मेंढी मारली म्हणून मेलेल्या मेंढीत विष घालून ठेवू नका. तिचीही भरपाई मिळते.

आणि गायरान. हरीण हे मोकळ्या माळाचे जनावर. माळ नांगरला गेला, उरलेल्यावर अतिक्रमण झाले, दोन्ही बाजूंनी बंदिस्त समृद्धी महामार्ग गंगापूर-वैजापुरातून गेला आणि कळपांच्या येण्या-जाण्याच्या वाटा तुटल्या. जिथे चरायचे ते राहिले नाही, म्हणून हरीण पिकात चरते. हुसकावलेला कळप शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि दोन दिवसांनी परत येतो, कारण नर आपली जागा सहसा सोडत नाही. त्यामुळे एकट्याने कळप हुसकावण्यापेक्षा गावाने गायरानातले गवत राखणे जास्त उपयोगाचे आहे.

लासूर परिसरातल्या प्रत्येक ग्रामसभेने येत्या उन्हाळ्याआधी तीन ठराव करावेत: गायरानावरचे अतिक्रमण काढून तिथे गवत राखणे, प्रत्येक उघड्या विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण-जाळी करणे, मोकाट कुत्र्यांची नसबंदी पंचायतीच्या खर्चाने करणे. ठराव लिहून घ्या, वन विभागाला त्याची प्रत द्या, आणि तुमच्या स्वतःच्या विहिरीचा कठडा मात्र ठरावाची वाट न पाहता बांधा.